काढलेल्या भागांचे काम कोण करणार? एका जुन्या थंडरबर्डच्या बॉबरचे प्रकरण

या प्रकरणातील गाडी रॉयल एन्फिल्डची थंडरबर्ड ट्विनस्पार्क, ३४६ सीसीची, २००९ साली पुण्यात एमएच-१२ मालिकेत नोंदलेली. मालक कोथरूडचे, पन्नाशीला आलेले नोकरदार गृहस्थ. कोकण, गोवा, भंडारदरा असा लांबचा प्रवास त्यांनी अनेक वर्षे या गाडीवर केला आणि त्या प्रवासाच्या गरजेनुसार गाडीवर एकेक वस्तू चढत गेली. मागे कॅरियर, दोन्ही बाजूंना बॅगांसाठी वेल्ड केलेले सांगाडे, मागच्या स्वाराच्या पाठीला टेकू, पुढे उंच काच, लेगगार्ड आणि जादा दिव्यांची जोडी. २०२४ मध्ये नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण होत आल्याने गाडी आरटीओत दाखवून पुनर्नोंदणी करून घेणे भाग होते, आणि त्याच सुमारास गुडघ्याच्या दुखण्यामुळे मालकांना एवढी अवजड गाडी गर्दीत सांभाळणे नकोसे झाले होते. सकाळी पानशेत किंवा मुळशीपर्यंत जाऊन येण्याजोगी, हलकी आणि सुटसुटीत गाडी त्यांना हवी होती. ती बॉबर, म्हणजे अनावश्यक भाग उतरवून आटोपशीर केलेली गाडी, असावी, हे त्यांनी आधीच ठरवले होते.

शिवण्यातील ज्या छोट्या कार्यशाळेत हे काम झाले, तेथील मेस्त्रींबरोबर मोजमाप आणि आरेखनाचे काम मी केले. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, बॉबर ही मुळात काढून टाकण्याची कला आहे. काय जोडावे याची चर्चा आपल्याकडे भरपूर होते, पण जे काढले ते कोणते काम करत होते, हा प्रश्न बहुधा गाडी रस्त्यावर आल्यानंतर पडतो.

या शैलीचा उगम अमेरिकेत १९३० आणि १९४० च्या दशकांत झाला. शर्यतीच्या गाड्यांच्या प्रभावाने तिथल्या तरुणांनी आपल्या जड गाड्यांचे पुढचे मडगार्ड काढले, मागचे आखूड केले, अनावश्यक सामान उतरवले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या सैनिकांमुळे ही पद्धत पसरली. नंतरच्या चॉपर या शैलीत गाडीचा मुख्य सांगाडा, म्हणजे चेसिस, कापून पुढची फोर्क (पुढचे चाक धरणारे दोन नळीवजा पाय) लांब आणि तिरपी केली जाते, तर बॉबरमध्ये मूळ सांगाडा आणि त्याची भूमिती तशीच राहते. हा फरक आमच्या दृष्टीने निर्णायक ठरला.

मालकांनी आमच्याकडे येण्यापूर्वी शहरातील एका गॅरेजमधून अंदाजपत्रक घेतले होते. त्यात मागचा सांगाडा कापून शॉकअपच्या जागी ताठ त्रिकोण वेल्ड करणे, दोन्ही चाके १६ इंची करणे, पुढचे मडगार्ड काढणे, एकच आसन ठेवणे, आखूड उघडा सायलेन्सर लावणे आणि सगळी गाडी लष्करी हिरव्या रंगाने रंगवणे, एवढे सगळे होते. छायाचित्रात अशी गाडी फार देखणी दिसते, हे मी मनापासून मान्य करतो. मेस्त्रींनी मात्र तो कागद वाचून एकच प्रश्न विचारला, “साहेब, ही गाडी पासिंगला कोण नेणार?”

कायद्याची चौकट इथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून आम्ही आरसीवरील नोंदी, म्हणजे चेसिस आणि इंजिन क्रमांक, आसनसंख्या, चाकांमधील अंतर, वजन, रंग, याच कामाच्या सीमा मानल्या. रंगाचा प्रश्न तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२१ नेच संपवला, कारण ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण दलांच्या वाहनांखेरीज कोणालाही वापरता येत नाही. आरसीवर काळा रंग होता आणि काळाच राहिला. वजनाच्या बाबतीत परिस्थिती उलट अनुकूल होती. गाडीवरचे बहुतेक ओझे मालकांनीच नंतर चढवलेले असल्याने ते उतरवणे म्हणजे गाडीला नोंदलेल्या वजनाजवळ परत आणणे होते.

कामाची पद्धत अशी ठरली की, जो भाग काढायचा त्याचे नाव वहीत लिहायचे, त्यासमोर तो आज कोणती कामे करतो ते लिहायचे, आणि तिसऱ्या रकान्यात ती कामे पुढे कोण करणार ते भरल्याशिवाय बोल्टला पाना लावायचा नाही. दुसरे बंधन असे की सांगाड्यावर कापाकापी करायची नाही, नवीन प्रत्येक भाग बोल्टने बसला पाहिजे आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपला पाहिजे.

बॅगांचे सांगाडे निघाल्यावर पहिली गंभीर गोष्ट उघड झाली. ते सांगाडे पूर्वी कधीतरी आसनाखालच्या नळ्यांना थेट वेल्ड केलेले होते, आणि डाव्या बाजूला, शॉकअपच्या वरच्या टोकाजवळ, त्या जुन्या वेल्डच्या कडेने रंगात केसाएवढी रेघ दिसत होती. रंग खरवडून तिथे तपासणीचा लाल द्रव लावला, पुसला आणि वर पांढरी भुकटी फवारली, तेव्हा लाल रेघ स्पष्ट उमटली, म्हणजे तडा धातूत होता. असे होण्याचे कारण समजण्यासारखे आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने वेल्डच्या लगतच्या पट्ट्यातील पोलादाचा पोत बदलतो, वेल्डच्या कडेला आकार एकदम बदलल्याने ताण तिथे एकवटतो, आणि भरलेल्या बॅगा खड्ड्यागणिक वरखाली हिसके देत असताना तोच पट्टा वर्षानुवर्षे थकत जातो. प्रवासाचे सामान वाहून नेण्यासाठी केलेल्या सोयीनेच सांगाडा कमकुवत केला होता, आणि गाडी सुटी केली नसती तर हे कळलेही नसते.

दुरुस्ती करताना तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्रे पाडली, जेणेकरून तो पुढे सरकू नये. मग तडा इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात खोदून आर्गॉन वेल्डिंगने भरला, आणि त्यावर टोके निमुळती केलेली पातळ पट्टी बसवली, कारण चौकोनी टोकाच्या पट्टीने ताणाची जागा फक्त दोन बोटे पुढे सरकते. उजवी बाजू निर्दोष निघाली, तरी तिथलेही जुने वेल्ड घासून सपाट केले. ताठ त्रिकोण वेल्ड करण्याचा मूळ प्रस्ताव इथेच कायमचा बाजूला पडला. शॉकअप नसते तर प्रत्येक गतिरोधकाचा धक्का याच नळ्यांनी सोसला असता, आणि पुण्यात एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जाईपर्यंत असे किती गतिरोधक लागतात हे सांगायला नको.

मडगार्ड हा या सगळ्या प्रकरणातील सर्वांत शिकवणारा भाग होता. पुढचे मडगार्ड काढावे, असा मालकांचा आग्रह होता. वहीत त्याच्यासमोर मेस्त्रींनी “चिखल अडवणे” एवढेच लिहिले होते. प्रत्यक्षात मडगार्डच्या आधाराची पोलादी कमान फोर्कच्या दोन्ही पायांना खालच्या बाजूने एकत्र बांधते. ही गाडी पुढे एकाच बाजूला डिस्क ब्रेक असलेली असल्याने जोरात ब्रेक लावला की एका पायावर जास्त बळ येते, आणि दोघांना बांधणारी कमान नसेल तर फोर्कला पीळ पडायची प्रवृत्ती वाढते. पावसाळ्यात पुढच्या चाकाने उडवलेला चिखल थेट इंजिनाच्या पंखांमध्ये जाऊन बसतो आणि वाळला की इंजिन थंड होण्यात अडथळा आणतो, हे दुसरे नुकसान. शेवटी पुढचे मडगार्ड दोन्ही टोकांना आखूड केले, पण कमान मूळचीच ठेवली, आणि त्यासाठी नाना पेठेतून जुने मडगार्ड मिळवून तेच कापले, म्हणजे गाडीचे मूळ मडगार्ड अखंड राहिले. नाना पेठेच्या सुट्या भागांच्या बाजारात अशा जुन्या गाड्यांचे पत्रे आजही मिळतात, ही पुणेकरांची मोठीच सोय आहे.

मागच्या मडगार्डचा प्रश्न अधिक अवघड होता. बॉबरचे सगळे सौंदर्य मागच्या चाकाला घट्ट लपेटलेल्या मडगार्डात असते. पण मडगार्ड सांगाड्याला बांधलेले असेल तर चाक वर येण्यासाठी जागा सोडावीच लागते. या गाडीच्या मागच्या चाकाची हालचाल सुमारे ८० मिमी आहे. शॉकअपच्या स्प्रिंगा काढून चाक हाताने पूर्ण वर दाबले, त्या स्थितीत टायर आणि पत्रा यांच्यात बोटभर फट राहील असे मडगार्ड बसवले, आणि मगच स्प्रिंगा परत चढवल्या. साहजिकच गाडी स्टँडवर असताना ती फट मोठी दिसते. दुसरा मार्ग मडगार्ड स्विंगआर्मवर, म्हणजे मागचे चाक धरून त्याच्याबरोबर वरखाली होणाऱ्या दांड्यावर, बसवण्याचा, ज्यात ते चाकाबरोबरच हलते आणि फट एकसारखी राहते. पण मग मागच्या दिव्याची आणि इंडिकेटरची वायर सतत हलत राहते, स्प्रिंगखालचे वजन वाढते आणि मडगार्ड धरणारा कंस थकून तुटण्याचा धोका निर्माण होतो. हा पर्याय या टप्प्यावर नाकारला.

आसनाच्या बाबतीत तडजोड करावी लागली, आणि ती मला योग्य वाटते. आरसीवर आसनसंख्या दोन आहे. नियम १२३ प्रमाणे मोटारसायकलला मागच्या स्वारासाठी पकडायला कायमची मूठ, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे संरक्षण असले पाहिजे. हा नियम दिसण्यासाठी केलेला नाही. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात जाऊन झालेले अपघात आपल्या शहराने पुरेसे पाहिले आहेत. म्हणून पुढे स्प्रिंगचे रुंद आसन आणि मागे सांगाड्याच्या नळ्यांवर चार बोल्टने बसणारी छोटी गादी, अशी रचना केली. साडीगार्ड सळ्यांची जाळी करून नव्याने बनवले, ते मडगार्डच्या वळणाबरोबर जाते, आणि मूठ म्हणून आसनाखालच्या नळीलाच पातळ कमान जोडली.

स्प्रिंगच्या आसनाबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. स्प्रिंगला झटका जिरवणारे काही जोडलेले नसते, त्यामुळे शॉकअप खाली येत असताना आसन वर उसळते आणि स्वार एकाच गतिरोधकावर दोनदा उडतो. मालकांच्या वजनाला साजेशा, जरा कडक स्प्रिंगा निवडल्या आणि त्यांच्या आत रबरी अडथळे ठेवले, तेव्हा ही उसळी आटोक्यात आली.

चाकांचा निर्णय मालकांना सर्वांत जड गेला, कारण जाड टायरशिवाय बॉबर अपुरी वाटते. मागच्या ११०/९०-१८ टायरचा बाहेरचा व्यास ६५५ मिमी भरतो आणि प्रस्तावित १३०/९०-१६ चा ६४० मिमी, म्हणजे उंचीत फरक सात-साडेसात मिमीचाच. अडचण रुंदीची आहे. मागे टायर प्रत्येक बाजूला १० मिमीने फुगतो आणि चेनच्या बाजूला तेवढी मोकळी जागा मिळत नाही, म्हणून चाक एका बाजूला सरकवावे लागते किंवा चेनची रेषा बदलावी लागते. पुढे ९० मिमीच्या जागी १३० मिमीचा टायर घालायचा तर फोर्कचे दोन पाय धरणारे क्लँपही रुंद घ्यावे लागतात. एवढे करून गाडी उत्पादकाच्या तपशिलांपासून दूरच जाते. मूळ रिम ठेवल्या, त्यांचे आउट (वाकडेपणा) काढले, गंजलेले आरे बदलले आणि मूळ मापाचेच, पण जुन्या धर्तीच्या चौकोनी ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर घातले. नजरेला चाक भरलेले दिसते.

मागची उंची कमी करण्यासाठी आखूड शॉकअप लावण्याची सूचनाही आली होती. चाकांमधील अंतर सुमारे १३७० मिमी असलेल्या गाडीची मागची बाजू ५० मिमी खाली आणली तर फोर्कचा कल सुमारे दोन अंशांनी वाढतो, कमी वेगात हँडल जड होते, इंजिनाचा तळ गतिरोधकाला घासू लागतो, आणि बाजूचे स्टँड आता लांब पडल्याने गाडी जवळजवळ उभी राहून जरा धक्क्याने पलीकडे कलंडू शकते. आसन खाली घेतल्यानेच मालकांचे दोन्ही पाय जमिनीला नीट टेकू लागले, तेव्हा शॉकअपला हात लावला नाही.

इंजिन चांगल्या स्थितीत होते. एअरबॉक्स, म्हणजे हवेच्या फिल्टरची पेटी, काढून तिथे शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावला की सांगाड्याचा मधला त्रिकोण मोकळा दिसतो, आणि बॉबरच्या छायाचित्रांत तो बहुतेक वेळा तसाच दिसतो. पण या इंजिनाचा कार्बोरेटर हवेच्या दाबातील फरकावर आपली सरकती झडप उचलणारा आहे. एअरबॉक्स त्याला संथ, स्थिर हवेचा साठा पुरवतो. तो काढला की झडप थरथरते, मधल्या वेगात इंजिन अडखळते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि सायलेन्सरचा पुढचा पाइप निळा पडू लागतो. कार्बोरेटरमधील पेट्रोल सोडणारे जेट बदलून हे काही प्रमाणात सुधारता येते, तरी पीयूसी तपासणीत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण ३.५ टक्क्यांच्या आत ठेवायचे असल्याने हा खेळ टाळला. एअरबॉक्स राहिला, त्यावरची मोठी झाकणे जाऊन पातळ पत्र्याची झाकणे आली. सायलेन्सरही मूळचाच आहे. १७५ सीसीपेक्षा मोठ्या मोटारसायकलींसाठी उत्पादनाच्या टप्प्यावर आवाजाची मर्यादा ८० डेसिबलची आहे आणि उघड्या पाइपने ती पाळली जाणे अशक्य आहे. कोथरूडच्या सोसायट्यांमध्ये पहाटे साडेपाचला गाडी सुरू करणाऱ्याने शेजाऱ्यांचाही विचार केला पाहिजे, आणि मालकांना हे पटवावे लागले नाही. टाकी आतून साफ केली, आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळत असल्याने जुन्या रबरी नळ्या व कार्बोरेटरमधील रबरी कड्या बदलून घेतल्या.

सांगाडा भोसरीला पावडर कोटिंगसाठी पाठवताना तीन गोष्टींची काळजी घेतली. ही भट्टी सुमारे १८० ते २०० अंश तापते, म्हणून बेअरिंग आणि रबरी भाग आधी काढले. दुसरे, पावडरचा थर वीज वाहू देत नाही, त्यामुळे अर्थिंगच्या जागा आणि इंजिन बसवण्याचे पृष्ठभाग झाकले. हे न केल्यास नव्याकोऱ्या गाडीचे दिवे मंद लागतात, सेल्फ गुरगुरतो आणि दोष बॅटरीला दिला जातो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे सांगाड्यावर कोरलेला चेसिस क्रमांक. जाड थराने तो बुजला तर आरटीओत त्याची पेन्सिलने छाप घेता येत नाही, आणि न वाचता येणारा क्रमांक म्हणजे संशयाला आमंत्रण. त्या जागेवर उष्णता सोसणारी टेप लावून नंतर हाताने पातळ रंग दिला.

हँडल सपाट आणि आखूड घेतले तेव्हा क्लचची केबल जादा लांब पडून टाकीजवळ तीव्र वळण घेऊ लागली, त्यामुळे तिची लांबी जुळवून घेतली. आरसे दोन्ही बाजूंना ठेवले. नंबरप्लेट चाकाच्या अक्षाजवळ बाजूला लावण्याची फॅशन आम्ही स्वीकारली नाही. ती मागेच, मडगार्डवर आहे, आणि रात्री १५ मीटरवरून वाचता यावी असा पांढरा दिवा तिच्यावर आहे.

पुनर्नोंदणीसाठी गाडी याच रूपात नेली. निरीक्षकांनी चेसिस क्रमांकाची छाप घेतली, मागची गादी, फुटरेस्ट आणि साडीगार्ड पाहिले, दिवे तपासले, आणि पर्यावरण कर भरल्यावर नोंदणी पाच वर्षांसाठी वाढून मिळाली. विमा कंपनीला आसन, मडगार्ड आणि हँडल यांतील बदल छायाचित्रांसह लेखी कळवले आणि पोच घेतली, कारण न कळवलेल्या बदलावरून दावा नाकारला जाऊ शकतो. काढलेले मूळ भाग मालकांच्या माळ्यावर आहेत.

पावसाळ्यानंतर गाडी पुन्हा पाहिली. दुरुस्त केलेल्या नळीवर लाल द्रवाची तपासणी केली, नवी रेघ नव्हती. मागच्या मडगार्डच्या कंसाचा एक बोल्ट मात्र सैल झाला होता, तिथे आता स्प्रिंग वॉशरऐवजी नायलॉनचा नट बसवला आहे. मालक गाडीवर खूश आहेत, पण मागच्या चाकावरची ती मोठी फट त्यांच्या नजरेला अजून खटकते, आणि खरे तर माझ्याही. स्विंगआर्मवरच्या मडगार्डचे आरेखन त्यामुळे पुन्हा हातात घेतले आहे. मागच्या स्वाराचा भार सांगाड्यावरच ठेवायचा, दिवे आणि नंबरप्लेट सांगाड्याला धरून ठेवायची आणि फक्त पत्रा चाकाबरोबर हलू द्यायचा, अशी त्याची कल्पना आहे. वहीच्या तिसऱ्या रकान्यात सध्या एकच जागा मोकळी आहे. चाक वर आल्यावर तो पत्रा गादीखालच्या नळीला लागू नये म्हणून गादी किती उंच करावी लागेल, हे मोजून झाले की मगच पत्रा कापायला घेऊ.